काकांचा फॉर्म

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर मराठी ग्रुप उतरला की आमच्या दुकानातली पोरं मला हाक मारतात, "दादा, आपके गाँववाले आए हैं." गाववाले म्हणजे नागपूरचे, नाशिकचे, कुठलेही. बेटाचं नाव २०१८च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं, पण जेटीवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे, तेव्हा मीही तेच लिहितो. मी देवबागचा, तारकर्लीच्या पुढचा. वडील रापणीवर जायचे. मी लोकांना स्कूबा करवतो हे कळल्यावर त्यांनी एकच विचारलं होतं, "पाण्यात बुडूक लोक पैशे देतत?"

देतात. सेल्युलर जेल झालं, राधानगरचा सूर्यास्त झाला, की तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण प्रत्येक माणसामागे एक इन्स्ट्रक्टर असतो आणि त्याने पाठीमागून हवेची टाकी धरलेली असते. दोन नंबरच्या बीचवर कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत जायचं, तिथे तोंडाने श्वास घ्यायला शिकायचं आणि मग उताराने हळूहळू खाली. अर्धा तास, फार तर.

फेब्रुवारीतली गोष्ट. सांगलीकडचं कुटुंब होतं. मुलगा, सून, सात-आठ वर्षांचा नातू आणि काका-काकू. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, वय एकसष्ट, मिशा अशा की मी आधी तिकडेच बघितलं. मिशीवर मास्क नीट बसत नाही, फटीतून पाणी झिरपत राहतं. "थोडं व्हॅसलिन लावू," म्हटलं. काका म्हणाले, "लाव की. कापायची सोडून काहीपण कर."

मग तब्येतीचा फॉर्म. दहा प्रश्नांचा असतो. दुसरा प्रश्न वयाचा: पंचेचाळीसच्या पुढे आहात का? असाल तर पुढची चौकट भरायची. सिगारेट, कोलेस्टेरॉल, घरात कोणी हृदयविकाराने अचानक गेलंय का, आणि रक्तदाब. एकालाही 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. काकांनी सगळीकडे 'नाही'वर टिक मारली होती, एका दमात, बसमध्ये चढणारे मोजावेत तशी. खाली झोकदार सही.

असे फॉर्म मी रोज बघतो आणि खरं सांगायचं तर पूर्वी नुसतेच बघायचो. आधी मी कोकणात एका ठिकाणी होतो. तिथे हे कागद बोटीवर, लाटांत, पेन फिरवून भरून घेतले जायचे. एकदा दम्याचा माणूस खाली नेला. त्याने लिहिलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. वर आल्यावर तो पंधरा मिनिटं बोटीच्या काठाला धरून कुत्र्यासारखा धापा टाकत होता. वाचला. त्याच्या बायकोच्या पर्समध्ये पंप होता. तेव्हापासून मी फॉर्म घेतो आणि नंतर माणसाशी दोन शब्द बोलतो. माणसापेक्षा त्याच्या शेजारच्याशी जास्त.

या वेळी तेवढीही वेळ आली नाही. काका वेटसूटमध्ये पाय घालत असताना काकूंनीच पिशवीत हात घातला. "अहो, गोळी घेतली का सकाळी? स्ट्रिप कुठाय?"

"पोर्ट ब्लेअरला राहिली," काका हळूच म्हणाले.

"म्हणजे तीन दिवस झाले!"

मी खाली बसलो. "काका, बीपीची?"

"तशी साधीच गोळी आहे रे. अर्धी."

मी सांगितलं, आज नाही. त्यांना कळलंच नाही आधी. मग कळलं आणि आवाज चढला. पाण्यात उतरलं की पायातलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार येतो, त्यात दगदग, भीती, आणि तीन दिवस गोळी नाही, हे मी सांगून बघितलं. ते म्हणाले, "बत्तीस वर्षं एसटी चालवली. एक ओरखडा नाही." मला वाटलं आता मुद्दा सापडला. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, ब्रेक तपासल्याशिवाय गाडी डेपोतून काढली असती का तुम्ही?"

"कितीदा काढल्यात!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा हसला, तो हसला म्हणून काका आणखी चिडले. "आपला माणूस म्हणून तुझ्याकडे आलो, आणि आपलाच माणूस आडवा येतोय." वेटसूट गुडघ्यापर्यंत चढलेला, तसेच ते समुद्रमहुव्याच्या झाडाच्या सावलीत जाऊन पाठ करून बसले. आमच्याकडे टाक्या उचलायला एक कॅरन मुलगा आहे, मायाबंदरकडचा. इंग्रजांनी १९२५मध्ये ब्रह्मदेशातून आणून वसवलेल्या लोकांच्या वंशातला. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, पण त्याने न सांगता जाऊन काकांच्या पायातून तो सूट अलगद सोडवला. रबरात अडकलेला माणूस फार केविलवाणा दिसतो.

पैसे परत देतो म्हटलं. तेव्हा काकू म्हणाल्या, "परत कशाला? मी जाते की."

त्या फक्त चपला सांभाळायला आल्या होत्या. छप्पन्न वर्षं. मी त्यांना बाजूला घेऊन दहाच्या दहा प्रश्न तोंडी विचारले. वयाच्या प्रश्नाला हो, त्याच्या चौकटीसकट बाकी सगळ्यांना नाही. "गुडघे दुखतात. ते लिहू का?" पोहता येतं का? माहेर कृष्णाकाठचं; पाठीला डबा बांधून विहिरीत टाकलं होतं भावाने, तेव्हापासून येतं. मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या, ते सूटच्या आत गेलं. टिकली मात्र स्वतःहून काढली आणि मास्कच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवली, परत लावायला. गुडघ्यांसाठी मी टाकी पाण्यातच नेऊन पाठीवर चढवली. भरलेली टाकी पंधरा किलोच्या वर जाते, कोरड्यावर ती पाठीवर घेऊन चालवणं म्हणजे शिक्षाच.

खुणा शिकवल्या. तर्जनी आणि अंगठा जोडून गोल म्हणजे ठीक. तळहात हलवला म्हणजे काहीतरी बिनसलंय. आणि अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, अंगठा वर म्हणजे 'वर चला'. हे मी तीनदा घोकून घेतो, तरी खाली मासा दिसला की माणसं खुशीत अंगठा दाखवतात.

काकू शिकल्या झटकन. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून फुंकायचं, तेही न चुकता. पाणी त्या दिवशी स्वच्छ होतं, पंधरा मीटर तरी दिसत असेल. मालवणला असा दिवस मिळाला तर आम्ही सुट्टी देऊ. समुद्रफूल म्हणजे खडकाला चिकटलेला, फुलासारखा दिसणारा प्राणी. अशा एकापाशी थांबलो. त्यातला केशरी मासा जेमतेम बोटाएवढा, पण तो बाहेर येऊन काकूंच्या काचेवर धडकायला बघत होता, मागे जायचा, पुन्हा यायचा. घर त्याचं होतं ना. काकूंनी हात मागे घेतला, जसा कोणाच्या ओट्यावरून घ्यावा.

पुढे पाच मीटर खोलीवर त्यांनी अंगठा वर केला.

मला वाटलं नेहमीचंच. मी विचारलं, ठीक? त्यांनी गोल करून दाखवला. आणि पुन्हा अंगठा वर, या वेळी ठासून. अंगठ्याशी वाद घालायचा नसतो. हळूहळू वर आणलं, जॅकेटमध्ये हवा भरली. त्यांनी नळी तोंडातून काढली.

"काय होतंय काकू?"

"काही नाही हो. तो पोपटाच्या चोचीचा मासा खातोय त्याचा आवाज येतोय! कुडुम कुडुम! तुम्हाला येतो का?"

"त्यासाठी वर आलात?"

"मग खाली बोलता कुठं येतंय?"

मी इतकी वर्षं माणसं वर आणलीत. कान दुखला म्हणून, उलटी आली म्हणून, भीतीने. बोलायला कोणी वर आलं नव्हतं. तिथेच तरंगत मी सांगितलं की तो मासा दगडासारख्या पोवळ्यावरचं शेवाळ खरवडून खातो, पोवळंही चावतो, आणि पोटातून त्याची वाळू बाहेर टाकतो. इथल्या पांढऱ्या वाळूत त्याचा वाटा मोठा.

काकू विचारात पडल्या. "म्हणजे काल राधानगरला..."

"थोडी त्याची असणारच."

"नातवाने बाटलीत भरून घेतलीय हो. देवघरात ठेवणार म्हणत होता." आणि त्या पाण्यात एवढ्या हसल्या की मास्क भरला. शंख-पोवळी इथून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. वाळूही इथेच ओतून जा, म्हटलं. "आता नकोच," म्हणाल्या. मग नळी तोंडात घातली आणि स्वतःच खाली बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर काका झाडाखालीच होते. काकू त्यांच्यासमोर ओल्या सूटात उभ्या राहून कुडुम कुडुम करून दाखवत होत्या. ते समुद्राकडे बघत होते. टिकली परत लागली. त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर असतं तर मी काकूंनाही उतरवलं नसतं, पाण्यातून आल्यावर निदान अठरा तास तरी उडू नये असं आम्ही पाळतो. ते परवाचं होतं.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. काकांना इथल्या सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं होतं. वरचा आकडा १७८, खालचा १०४. गोळ्या मिळाल्या, रात्री मिठाशिवाय जेवले, रागावलेलेच होते.

चार दिवसांनी दुकानाच्या मालकाने मोबाईल पुढे केला. "मराठी में है. क्या लिखा है?" दुकानाबद्दलचा अभिप्राय होता, एक तारा. 'पैसे परत दिले नाहीत.' (हे खोटं नाही, ते काकूंनी वापरले.) 'बोलणं उद्धट. मराठी माणूसच मराठी माणसाच्या आड येतो, हे अंदमानातही बघायला मिळालं. मिशीला व्हॅसलिन फुकट लावलं.' मी मालकाला शेवटचं वाक्य सोडून सगळं सांगितलं. त्याने विचारलं, फिर फोटो किसका है?

काकांनी खाली एकच फोटो जोडला होता. पाच मीटरवर काकू, अंगठा वर.