एमसीव्ही ८६, नॉर्मल

नानांचं नाव-गाव लिहीत नाही. दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागाईतदार, वय साठीच्या आत-बाहेर, गळ्यात तुळशीची माळ. फेब्रुवारीत, ऐन काढणीत आले होते. बागेत गाडी भरायला उभी असताना बागाईतदार रक्त तपासायला नाशकात, पंचवटीतल्या आमच्या लॅबपर्यंत येत नाही. नाना आले, म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं होतं.

"ताई, थकवा काही जात नाही," म्हणाले.

हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकतेय. अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा पोरगा सगळ्या तपासण्या करून घेतो, आणि दिवसा पत्र्याच्या खोलीत चार तास झोपतो हे सुई टोचता टोचता सांगतो. झोप काही नळीत येत नाही. एका काकांची बायको म्हणाली, "हे घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो यांचा," आणि काका थायरॉइडच्या रांगेत. एक ताई केस दाट व्हायच्या गोळ्या खाऊन आल्या. त्यातल्या बायोटिनने काही यंत्रांवर थायरॉइडचं टीएसएच खोटं खाली दाखवतं, म्हणून मी आधी विचारून घेते. विचारणारी बहुधा मी एकटीच. आणि सगळ्यात डोकं फिरतं ते बी-ट्वेल्व्हची दोन इंजेक्शनं टोचून घेऊन मग "कमी आहे का बघा" म्हणत येणाऱ्यांचं. इंजेक्शननंतर तो आकडा चढलेलाच असणार. ४ दिवस आधी आला असतात तर काही कळलं असतं.

नानांकडे चिठ्ठी होती, तिच्यावर फक्त सीबीसी, रक्तपेशींची मोजणी. दंडाला पट्टी बांधताना पाहिलं, एका पायात चप्पल होती, दुसरी दाराशी पडलेली. मी म्हटलं, "नाना, चप्पल राहिली." त्यांनी खाली पाहिलं. "हे असंच होतंय. निसटते, कळतच नाही."

मग बोलायला लागले. दर वर्षी पौषवारीला दिंडीबरोबर पायी त्र्यंबकला जातात, निवृत्तिनाथांच्या यात्रेला. यंदा अर्ध्या वाटेवर जीपमध्ये बसावं लागलं. पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं. सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, भिंत धरावी लागते. हे डॉक्टरांना सांगितलं का? "त्यांनी थकव्याचं विचारलं, मी थकव्याचं सांगितलं." साखरेची गोळी अकरा वर्षं चालू, मेटफॉर्मिन. पित्ताची गोळी रोज सकाळी, ती कुणी बंद करायला सांगितलीच नाही. अंडं-मटण जन्मात नाही. दूध? दोन गायी आहेत, पण दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं.

मशीनने पाऊण मिनिटात कागद दिला. हिमोग्लोबिन ९.२. पांढऱ्या पेशी ३,८००, प्लेटलेट १ लाख ३० हजार, दोन्ही जरा खालीच. एमसीव्ही ८६. हा लाल पेशीचा सरासरी आकार, ८० ते १०० चालतो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर मोठ्या. ८६ म्हणजे दोन्ही नाही, असं आमचा नवा पोरगा म्हणाला. पोरगा हुशार आहे, पण मशीन बोललं की त्याची बोलती बंद होते. त्याच्या खाली आरडीडब्ल्यू २४.१ होतं, पुढे चांदणी, म्हणजे मशीनचा इशारा. पेशींच्या आकारांत फरक किती, ते हा आकडा सांगतो. साडेचौदाच्या वर गेला की रक्ताची काच करून भिंगाखाली बघायची, असं मला माझ्या पहिल्या लॅबमधल्या मॅडमनी शिकवलं होतं.

काच करणं हे माझ्या हातचं काम आहे आणि त्याचा मला गर्व आहे, तो लपवत नाही. थेंब छोटा हवा. दुसरी काच तिरपी टेकवायची, थेंब तिच्या काठाने पसरू द्यायचा आणि न थांबता पुढे सरकवायची. हात अडखळला की पायऱ्या पडतात. शेवट जिभेसारखा पातळ यायला हवा, तिथेच पेशी एकेकट्या सापडतात. वाळली की लीशमनचा रंग, २ मिनिटं. मग दुप्पट बफर, ८ ते १० मिनिटं. घाईत बोअरच्या पाण्याने धुतली तर सगळं निळसर दिसतं आणि मग जो तो आपापल्या मनाचं बघतो.

तेलाच्या भिंगाखाली नानांचं रक्त पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. काही पेशी बारक्या, फिकट, नुसती कड उरलेल्या. त्यांच्याच शेजारी मोठ्या, अंडाकृती, गच्च भरलेल्या. मधल्या आकाराच्या, म्हणजे ज्यांची सरासरी ८६ आली असं वाटावं, त्या शोधून काढाव्या लागत होत्या. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला तीन-चार पाकळ्या असतात. इथे पाच होत्या, आणि एकीला चक्क सहा. त्या मी तीनदा मोजल्या. पाकळ्या वाढणं ही बहुधा बी-ट्वेल्व्ह कमी पडल्याची खूण. लोह कमी आणि बी-ट्वेल्व्हही कमी. एकाने पेशी लहान केल्या, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी बरोबर मधोमध येऊन बसली.

निदान करणं माझं काम नाही. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी काच बघून तेच लिहिलं, आणि त्यांनीच डॉक्टरांना फोन करून इंजेक्शनच्या आधी नमुना घ्यायला लावला. बी-ट्वेल्व्ह ११८, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ९, दोन्ही कमीच. पुढे दुर्बिणीने पोट आणि आतडं दोन्ही पाहिलं, कारण या वयाच्या पुरुषात लोह कमी असेल तर रक्त कुठे झिरपत नाही ना, हे बघावंच लागतं. रक्तस्राव नव्हता. जठराचं अस्तर झिजलेलं निघालं, म्हणून लोह आणि बी-ट्वेल्व्ह अंगी लागत नव्हतं. साखरेच्या आणि पित्ताच्या गोळ्यांनी त्यात भर घातली.

नानांना मी समजावून सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे घडात निम्मे मणी चौदाचे आन निम्मे बावीसचे. सरासरी अठरा. पण पेटी रिजेक्ट." मिलिमीटरमध्ये बोलत होते. यापेक्षा बरं मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

इथे थांबले असते तर हे लिहायला बसले नसते. त्या रात्री मी कॉम्प्युटरवर नानांचा नंबर टाकून पाहिला. ऑक्टोबरात, छाटणीच्या सुमारास, ते आमच्याकडेच येऊन गेले होते. चिठ्ठी नव्हती, आमचंच थकव्याचं पॅकेज घेतलं होतं. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू १९.६, चांदणीसकट. पॅकेजच्या पहिल्या पानावर हिरवे-लाल गोल छापतात, त्यांत आरडीडब्ल्यूला गोलच नाही. काच पॅकेजमध्ये धरलेली नाही. मशीनवर त्या दिवशी मीच होते, खाली माझी आद्याक्षरं आहेत. त्या कागदावर मेडिकलवाल्याने लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. नानांनी त्या चहाबरोबर घेतल्या, म्हणजे लोह अंगी लागायची वाट त्या चहानेच अडवली. फॉलिकने थोडी तरतरी आली, पंधरा दिवसांत गोळ्या सोडल्या. फॉलिकने रक्त जरा सुधारल्यासारखं दिसतं, नसा मात्र तशाच झिजत राहतात. ४ महिने.

आता चांदणी दिसली की पॅकेज असो नसो, मी काच ओढते. मालक म्हणतात, रंगाचे पैसे कोण देणार. मी उत्तर देत नाही, काच वाळत घालते.

एप्रिलच्या शेवटी नाना पुन्हा आले. हिमोग्लोबिन १२.६. खरड छाटणी स्वतः उभं राहून करून घेतली म्हणाले. तळपायाची बधिरता अजून आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, नसांना वेळ लागतो, आणि सगळं परत येईलच असं नाही. शेवटच्या तोडीची द्राक्षं आणली होती, ती मी फ्रीजमध्ये ठेवली, नमुन्यांच्या नव्हे, डब्यांच्या.

बाहीचं बटण लावता लावता म्हणाले, "ताई, ऑक्टोबरलाबी इथंच दिलं होतं ना रक्त? तवा नव्हतं का हे?"

"होतं नाना," मी म्हटलं. "तेव्हा मी काच केली नव्हती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. मग बाकावर बसले आणि वाकून सँडलचा मागचा पट्टा लावायला लागले. चपला त्यांनी सोडून दिल्यात. पट्टा हाताने चाचपून, पायात आहे याची खात्री करून मग उठले.