स्कूटीच्या टाकीचं उद्घाटन

कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, मिळवायला आम्हाला चौदा महिने लागले. त्यातले पाच महिने एका दिवंगत विश्वस्तामुळे गेले. म्हणजे खरं तर आमच्याच ढिलाईमुळे.

आमचा ट्रस्ट छोटा. ऑक्टोबर छाटणीला नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, लेकरांसकट. गावच्या अंगणवाडीच्या वहीत मुलाचं नाव राहतं आणि मूल बागेच्या बांधावर. त्याचं वजन करायचं कोणी? आमच्या दोघी ताई करतात, एका स्कूटीवर, एक वजनकाटा घेऊन. इतकी वर्षं वर्गणीवर भागलं. मग पेट्रोल वाढलं, वर्गणीदार थकले, आणि मी सातपूरच्या एका कंपनीत जाऊन धडकले.

कंपनी कायदा २०१३ चा. त्यात बसणाऱ्या मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. आपल्यासारख्या ट्रस्टला ती घ्यायची तर आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांचं काम, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा नंबरही लागतो. आमच्या सीएंनी हे एका दमात सांगितलं आणि विचारलं, "पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीचा, उतारा बघितलाय का?"

बघितला. त्यावर आमचे खजिनदार काका अजून विश्वस्त होते. काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आम्ही श्रद्धांजलीचा ठराव केला, फोटोला हार घातला, अर्ज तेवढा राहिला. मग विलंब माफीचा अर्ज, जुन्या सभेचं इतिवृत्त, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, तारखा. मृत्यूचा दाखला मागायला काकूंकडे गेले, तर त्यांनी आधी चहा टाकला आणि मग म्हणाल्या, "हे असते तर तुमचे कागद असे लोंबकळले नसते." काय बोलणार!

बाकीची कागदपत्रं त्यामानाने सरळ झाली.

कंपनीतली बैठक मात्र लक्षात राहिली. वॉटर फिल्टर हवाय? देऊ. घसरगुंडी? देऊ. अंगणवाडी रंगवून? तीही. मानधन आणि पेट्रोल म्हटलं की साहेब कागद उलटायला लागायचे. वस्तूचा फोटो निघतो, फीत कापता येते. स्कूटीच्या टाकीचं उद्घाटन कोण करणार?

मी पिशवीतून कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी काढून टेबलावर ठेवली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपराच्या मधोमध गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. मग वहीतलं एक पान उघडलं. दोन वर्षांची मुलगी, नोव्हेंबरात ११.३, म्हणून लगेच आरोग्य केंद्रात नेलेली. डिसेंबरात ११.९. जानेवारीचा रकाना कोरा. फेब्रुवारीत पुन्हा ११.६.

"जानेवारीत काय झालं?"

"स्कूटी बंद होती. तेवढ्यात ते कुटुंब दुसऱ्या बागेवर गेलं."

साहेब तेव्हा काहीच बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी मेल आला, पेट्रोलचा हिशेब कोणत्या नमुन्यात ठेवता ते कळवा.

मंजुरी आली फेब्रुवारीत, आणि अट काय, तर खर्च ३१ मार्चच्या आत दाखवा! द्राक्षाचा खुडा कंपनीचं आर्थिक वर्ष बघून संपत नाही. कायद्यात अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे: त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनीने वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. त्यांच्या अकाउंट्सच्या बाईंना हे पाठ होतं. फक्त त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून सांगते, साहेबांइतकंच अकाउंट्सलाही भेटा.

राहिला नावाचा बोर्ड. कंपनीला नाव दिसायला हवं होतं आणि बागाईतदार बांधावर बोर्ड लावू देईनात. शेवटी लोगोचा स्टिकर काट्यालाच चिकटवला. झोळीत बसलेल्या एका पोराने पहिल्याच दिवशी तो अर्धा सोलून काढला. तिमाही अहवालात आम्ही त्याआधीचा फोटो लावला.