आजीच्या कुडीतला मुका खडा

गेल्या आठवड्यात आत्या आजीच्या हिऱ्याच्या कुड्या घेऊन दुकानात आली. सात-सात खड्यांच्या, मागून बंद असलेल्या जुन्या घडणीच्या. एकीची फिरकी ढिली झाली होती, तेवढीच आवळायची होती. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी हातासरशी हिरा खरा की खोटा ते बघायचा टेस्टर काढला.

"ते कशाला आता?" आत्या म्हणाली.

टेस्टर म्हणजे जाडसर पेनासारखी वस्तू. चालू केला की टोकावरची तांब्याची सुई तापेपर्यंत जरा थांबायचं. मग खडा पुसून सुई त्यावर सरळ टेकवायची. हिरा उष्णता तांब्याच्याही चार-पाच पट वेगाने ओढून घेतो. सुई झटकन गार होते, दिवे वर चढतात आणि पेन वाजतं. अमेरिकन डायमंड ढिम्म असतो, त्यावर सुई गरमच राहते. सुई सोन्याला लागली तर वेगळाच आवाज येतो. बारीक खड्यांवर हात कापला की हटकून तसं होतं. अण्णा अजून खड्यावर तोंडाची वाफ सोडून बघतात. हिऱ्यावरची वाफ लगेच उडते. शास्त्र तेच, सेल लागत नाहीत इतकंच.

पेनाला फसवणारा एकच मोठा चोर, मोझनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा पण हिरा नसलेला खडा. तोही उष्णता भराभर नेतो. दिवाळीत एक मुलगा ऑनलाइन घेतलेली अंगठी घेऊन आला होता. पेन वाजलं, त्याचा चेहरा खुलला. मग मी दहापटीच्या भिंगाखाली खडा जरा तिरका धरला, तर आतल्या पैलूंच्या कडा जोडीजोडीने दिसायला लागल्या. हिऱ्यात अशा दुहेरी रेघा दिसत नाहीत. त्याला ते सांगताना मलाच कसंतरी झालं. लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्यापुढे तर या पेनाने हात टेकले, कारण तोही हिराच. तिथे मोठी यंत्रं लागतात.

असो. कुड्यांकडे येतो. पहिलीचे सातही वाजले. दुसरीचे सहा. सगळ्यात खालचा खडा गप्प. पुसला, थांबलो, परत टेकवला. गप्पच. भिंगातून बघितलं तर त्याच्या कडा झिजून गोलसर झालेल्या. काच.

आत्याला कसं सांगावं या विचारात मी सुई पुसत बसलो.

"खालचा ना?" तीच म्हणाली. "मोरीत गेला तो, माझ्या हातून. मी दहावीत होते. आईने गुपचूप दुसरा बसवून घेतला, बाबांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

"मग आता खरा बसवू का?"

"नको. आईने बसवलाय तो." फिरकी आवळून झाली तरी ती उठेना. "बाकीचे तेरा परत एकदा लाव बघू," म्हणाली. "वाजले की बरं वाटतं."