तुम्ही विचारलंत म्हणून: तालुक्यातलं कोणतं हायस्कूल चांगलं?

सातवीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो. गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. पुढे पाच किलोमीटरवर एका संस्थेचं अनुदानित हायस्कूल, तालुक्याला दुसरं, आणि बसस्टँडजवळ नवं स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान नसलेलं. तिघांच्याही फ्लेक्सवर दहावीचा निकाल ९५च्या पुढे. मग निवडायचं कसं?

पहिलं म्हणजे फ्लेक्सवरची टक्केवारी बाजूला ठेवा. ती परीक्षेला बसलेल्यांची असते, शाळेत आलेल्यांची नसते. समजा दोन्ही शाळांत आठवीला ६०-६० मुलं होती. पहिलीत दहावीला ४१ बसली आणि सगळी पास झाली, निकाल १०० टक्के. दुसरीत ५८ बसली, ५४ पास झाली, निकाल ९३ टक्के. फ्लेक्स पहिलीचा लागतो, पण पोरं जास्त दुसरीने काढली. मधल्या १९ मुलांचं काय झालं, हे विचारायचं. काही शाळा नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात, म्हणजे मूल बाहेरून बसतं आणि शाळेचा निकाल स्वच्छ राहतो. तुमचं मूल अभ्यासात मध्यम असेल, तर हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

हा हिशोब घरबसल्या जमतो. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं. त्यात इयत्तावार पट, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं असं सगळं दिसतं. दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट आणि यंदाचा दहावीचा पट शेजारी लिहा. एका वर्षावरून ठरवू नका, लागोपाठ तीन वर्षांच्या तुकड्या बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत, म्हणजे आष्टी, पाटोदा, पाथर्डीकडे, दिवाळीनंतर पट गळतो, त्यात शाळेची लबाडी असेलच असं नाही. तिथे मुलांना मागे ठेवून घेण्यासाठी शाळा काय करते, हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे विचारा.

बोर्डाच्या शाळानिहाय निकालात श्रेणीही दिलेल्या असतात. ७५ आणि पुढे विशेष प्रावीण्य, ६०पासून प्रथम, ४५पासून द्वितीय, ३५पासून नुसतं पास. निकाल ९८ टक्के आणि निम्मी मुलं शेवटच्या रकान्यात असतील, तर शिकवणं जेमतेम आहे असं समजा. शिवाय १००पैकी २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते शाळेच्या हातात असतात. ते २० पूर्ण मिळाले तर लेखी ८०मध्ये १५ मिळवूनही ३५ होतात.

आता शिक्षक. एकूण किती, यापेक्षा गणित, विज्ञान आणि इंग्रजीला कोण, हे विचारा. एखादे सर निवृत्त झाले की भरती पवित्र या सरकारी शिक्षकभरती पोर्टलवरून व्हायची असते, त्यात वर्षं जातात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पदच उडतं. मग तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारे, शिक्षक येतात, किंवा भूगोलाच्या बाई बीजगणित घेतात. यात त्या बाईंचा दोष काहीच नाही, पण मुलाचं नुकसान व्हायचं ते होतंच. ऑफिसच्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचा. नववी-दहावीच्या गणिताच्या तासापुढे कोणाचं नाव आहे आणि ते गेल्या वर्षीही होतं का, एवढं पुरे. खूप शाखा असलेल्या संस्थांत बदल्या होत राहतात, पण रिकामी जागा दुसऱ्या शाखेतून भरताही येते. एकाच शाळेच्या संस्थेत माणसं टिकतात, पण जागा रिकामी झाली की रिकामीच राहते.

सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची, पाटी बघून भुलू नका. अकरावी सायन्स इंग्रजीतच असल्यामुळे सेमीचा फायदा आहे, हे खरं. पण वहीत इंग्रजी व्याख्या फळ्यावरून उतरवलेल्या आणि मुलाला त्यांतली एकही आपल्या शब्दांत सांगता येत नसेल, तर चांगलं मराठी माध्यम बरं.

प्रयोगशाळा बघायची तर कपाट बघू नका, दहावीच्या चार मुलांच्या प्रयोगवह्या मागून घ्या. काचेच्या चिपेतून प्रकाशाच्या अपवर्तनाचा प्रयोग काढा. चार टाचण्या टोचून, रेघा मारून कोन मोजायचे असतात. आपाती कोन (किरण काचेवर पडतानाचा) ३० अंशांचा, तर अपवर्ती (काचेत शिरून वाकल्यावरचा) साधारण १९-२०चा येतो. खरंच केला असेल तर एकाचा १९, दुसऱ्याचा २१ येणार, या दोन कोनांवरून काढलेला अपवर्तनांक १.४ ते १.६मध्ये हलणार आणि कागदाला टाचण्यांची भोकं असणार. चारही वह्यांत अपवर्तनांक बरोबर १.५० आणि कागद कोरा करकरीत, म्हणजे प्रयोग झालेलाच नाही.

पैशाचं एक गणित बरेच पालक विसरतात. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत घातलं की ही वाट बंद. पोषण आहारही आठवीपर्यंत शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतच मिळतो.

राहिली एसटी. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी पास मोफत आहे, मुलांना भाड्याचा तिसरा हिस्सा पडतो. पण पास असून गाडी नसेल तर काय उपयोग? संध्याकाळची गाडी शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळते का, ती चुकली तर पुढची किती वाजता, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर ती फाट्यापर्यंतच येते का, हे कंडक्टरला विचारा. शेवटचा तास बुडवून गाडी गाठावी लागत असेल, तर तो तास कोणत्या विषयाचा, तेही बघा.

शाळा बदलायचीच असेल तर आठवीला बदला, नववी संपल्यावर नको. दाखला काढताना नाव, जन्मतारीख आणि आधारवरची नोंद अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. तीच नोंद पुढे बोर्डाच्या फॉर्मवर जाते आणि तिथे दुरुस्त करायला फार खेटे घालावे लागतात.