गळांचा बाजार

रात्री जेवणं उरकली आणि कॅनडातल्या विनिपेगहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिथे सकाळ. टेबलावर नुसता गळांचा बाजार मांडलेला! ‘मामा, पाइक आणि वॉलाय मासे धरायला चाललोय, बॅग हलकी हवी. काय काय काढू?’

आता हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माणसाला विचारायचं! पण गळ टाकायचं वेड जुनं, त्यामुळे बसलो. पाइकचं सोपं. दात असे धारदार की साधी दोरी कापलीच समजा. गळाच्या वर स्टीलच्या तारेचा तुकडा, म्हणजे लीडर, हवाच. रंग उडालेला लाल-पांढरा स्पून, म्हणजे चमच्यासारखं पत्र्याचं आमिष, त्याला ठेवायला लावला, चावे खाल्लेला दिसत होता. लांब तोंडाची पक्कडही. त्या जबड्यात बोटं कोण घालणार?

वॉलाय मात्र नाजूक प्रकरण. अंधुक उजेडात त्याला छान दिसतं, म्हणून तिन्हीसांजेला खायला निघतो, आणि तोंड लावतो तेही हळूच. तिथे तार नको. बारीक दोरी, सात-आठ ग्रॅमचं जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, बस्स.

मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, गळाला उलटा काटा चालत नाही, नियमच आहे. बोलता बोलता पठ्ठ्या पकडीने एकेक काटा दाबत होता.

मध्येच हिचा प्रश्न, ‘तळून खाता ना रे?’ वॉलाय हो, म्हणाला. पाइकमध्ये काटेच फार.