मीच विकलेलं स्टिकर

अंबाजोगाईत माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. बाजाराचा दिवस, काउंटरवर ही गर्दी, त्यात धारूरकडच्या वाडीवरचे एक मामा आले, "फोन लई तापायलाय रे, अन् दुपारीच चार्जिंग संपायली." पोरगी बाळंतपणाला माहेरी आलेली, जावई पुण्याला कंपनीत, म्हणजे रोज रात्री तास तास बोलणं. मला वाटलं बॅटरी गेली असंल, बघितलं तर बॅटरी ठणठणीत. मग कव्हर काढलं अन् मागं सोनेरी गोल स्टिकर, अँटी रेडिएशनवालं. हे कुठून आणलं म्हणलं तर मामा म्हणे, "तूच दिलतंस की, दीडशेला."

खरंय राव. होलसेलवाल्यानं शंभर नगांचं पाकीट गळ्यात मारलं होतं अन् मी पण डोळे झाकून विकत बसलो.

सेटिंगमधे सिमच्या माहितीत सिग्नल बघितला, मायनस १०९. हा आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढा सिग्नल चांगला. हीट गननं जरा गरम करून नखानं स्टिकर सोललं, आत चक्क पातळ पत्रा निघाला, नेमका अँटेनाच्या वर बसलेला. परत बघितलं, मायनस १०२. सिग्नल खालीवर होतोच म्हणून दोन तीनदा ठेवून काढून बघितलं, फरक तेवढाच. हे माप डीबीचं, दर ३ डीबीला पॉवर दुप्पट होते, म्हणजे ७ ला जवळपास पाचपट. अन् फोनचं असंय की टावरपर्यंत पोचायला अवघड गेलं की तो आपला जोर वाढवतो, नदीपलीकडच्या माणसाला आपण जसं बोंबलून हाक मारतो तसं. म्हणजे रेडिएशन थांबवायचं स्टिकर फोनला उलट जास्तच सोडायला लावत होतं, बॅटरी पण त्यातच जायची. त्यात मामांचं घर पत्र्याचं, वाडी डोंगराच्या खाली, आधीच सिग्नलची एकच काडी.

मामांनी सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "मग पोरीला काई व्हणार तर नाई ना?"

मी काय डॉक्टर नाही. पण स्टार हॅश शून्य सात हॅश डायल करून दाखवलं, डोक्याजवळचा सार, म्हणजे अंगात किती रेडिएशन मुरतं त्याचा आकडा, ०.९८ आला. आपल्याकडं २०१२ पासून १.६ वॅट प्रति किलोची मर्यादा आहे, अन् तो आकडा फोन फुल जोरावर ठेवून मोजतात. ही किरणं एक्स-रेसारखी नसतात, फार तर किंचित तापवतात, कानाला चटका बसतो तो बहुतेक बॅटरी अन् आतल्या पार्टचाच. २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं मोबाईलच्या लहरी 'कदाचित कॅन्सर होऊ शकतो'च्या यादीत टाकल्यात, सिद्ध झालंय असं नाही. म्हणलं ताईला सांगा, पत्र्याखाली नाही अंगणात येऊन बोल, अन् वायरचा हेडफोन लाव, फोन कानापासून जेवढा लांब तेवढं बरं.

दीडशे परत दिले, हेडफोन खरेदीच्या भावात दिला. मामांनी पैसे मोजून बंडीच्या खिशात घातले अन् माझ्या मागं लटकलेल्या पाकिटाकडं बोट केलं, "अन् ते?"

तिथंच उतरवलं. होलसेलवाला परत घ्यायला तयार नाही, साठेक पडलेत ड्रॉवरमधे.