चारपासून सुरू झालेली मतं

आयर्लंडमधल्या एका काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, नियोजन विभागात मी नोकरी करते. दर पाच वर्षांनी निवडणूक आली की आमच्यातले बरेच जण मतमोजणीच्या टेबलावर बसतात. गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही केलेली असल्याने काउंटीचं किंवा उमेदवारांचं नाव सांगणार नाही. पण 8 जून 2024 ला सुरू झालेली ती मोजणी अजून डोक्यातून जात नाही.

इथे मत पसंतीक्रमाने देतात, आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखं. फक्त एकेका मतदारसंघातून तीन ते सात जण निवडून येतात. पाच जागा आणि 9,000 वैध मतं असतील, तर 9,000 ला सहाने भागून एक मिळवायचा, की निवडून यायला लागणारा मतांचा कोटा मिळतो: 1,501.

पेटी उघडली की प्रत्येक मतपत्रिका उताणी ठेवायची, कारण कठड्यापलीकडे पक्षांची माणसं क्लिपबोर्ड घेऊन वाकलेली असतात. आमच्या हाताच्या वेगाने ती रेघा मारतात आणि दुपारपर्यंत एकमेकांचे आकडे जुळवून निकालाचा अंदाज बांधतात. तो बहुतेक वेळा खरा ठरतो. मग सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र कालवायच्या, खणांत लावायच्या, पन्नासाचे गठ्ठे बांधायचे. पहिल्या फेरीत कोणी कोटा ओलांडला की त्याचा सगळा ढीग पुन्हा दुसऱ्या पसंतीप्रमाणे लावायचा, जादा मतांतला कोणाचा किती वाटा ते त्रैराशिकाने काढायचं आणि तेवढ्याच मतपत्रिका गठ्ठ्याच्या वरून उचलायच्या. वरून कोणत्या येतील हे नशिबावर सोपवलेलं असतं, म्हणून सुरुवातीचं कालवणं मन लावून करावं लागतं. 2002 मध्ये तीन मतदारसंघांत मतदान यंत्रं वापरून पाहिली, पुढे कोट्यवधी युरोंची यंत्रं भंगारात काढली. बरंच झालं. तिसऱ्या दिवसापर्यंत पाठ मोडते, पण हरलेल्या माणसाने आपलं मत कुठे गेलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

शंकास्पद मतपत्रिका वेगळ्या काढून निर्वाचन अधिकाऱ्यापुढे ठेवतात. उमेदवारांचे प्रतिनिधी भोवती उभे, एकेक कागद वर धरला जातो. शिक्का नाही, बाद. दोन नावांपुढे एकचा आकडा, बाद. एकाच नावापुढे फुली, वैध. पहिली पसंती स्पष्ट आहे. मग ती आली: चार, पाच, सहा. आकडे सुबक, ठाम. मतदाराला एकाच वेळी दोन मतपत्रिका मिळाल्या होत्या, एक युरोपीय संसदेची आणि एक कौन्सिलची. पहिलीवर एक-दोन-तीन लिहून त्याने दुसरीवर तसंच पुढे मोजलं होतं. बाद. मग आणखी एक तशीच, मग आणखी.

कायदा इथे पक्का आहे. 2014 मध्ये लिस्टोवेल मतदारसंघात अशा मतपत्रिका वैध धरल्या गेल्या, थोडक्यात हरलेला उमेदवार कोर्टात गेला आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पहिली पसंतीच नाही तर मत नाही. निर्वाचन अधिकाऱ्याने काही चुकीचं केलं नाही. तरी मला ते पटत नाही. एक फुली मारून गेलेल्याचं मत धरायचं आणि तीन उमेदवारांचा विचारपूर्वक क्रम लावणाऱ्याचं टाकायचं?

शेवटच्या जागेसाठी उरलेल्या दोघांपैकी कोणीच कोट्यापर्यंत पोचलं नाही. पुढे असलेला निवडून आला. फरक हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढा होता. फेरमोजणीतही तोच राहिला. चारपासून सुरू झालेल्या मतपत्रिका त्याहून जास्त होत्या. त्या धरल्या असत्या तर काय झालं असतं, ते कोणीच सांगू शकत नाही.

हरलेले गृहस्थ जुने कौन्सिलर. लोकांना वाटतं, कौन्सिलरने फोन केला की घराची परवानगी मिळते. तसं नसतं. परवानगीचा निर्णय चीफ एक्झिक्युटिव्हच्या अधिकारातला, आपल्या जिल्हा परिषदेच्या सीईओसारखा तो पगारी अधिकारी. सभागृहाच्या हातात अर्थसंकल्प, विकास आराखडा, घरपट्टीचा दर थोडा वर-खाली करणं. हे गृहस्थ आराखड्याचा मसुदा नकाशांसकट वाचून यायचे. असं करणारे फार थोडे, हे नियोजन विभागात बसून मी खात्रीने सांगते.

माझ्या वरिष्ठ बाई म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा. मान्य. पण इथे राहणाऱ्या कोणाही प्रौढाला कौन्सिलसाठी मत देता येतं, आमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही; युरोपीय संघातल्या इतर देशांच्या नागरिकांना तर दोन्ही निवडणुकांत. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पसंतीक्रम लिहिणारे पुष्कळ. दोन कागद हातात देताना “दोन्हीवर एकपासून सुरू करा” एवढं प्रत्येक केंद्रावर तोंडाने सांगितलं गेलं पाहिजे, असं मी कार्यालयाला लेखी दिलं आहे. 1999 पासून या दोन्ही निवडणुका एकाच दिवशी होत आल्या आहेत, आणि 2029 ला दोन्हींची मुदत पुन्हा एकदमच संपते आहे.